सिंहाच्या छाव्याला बाटलीने दूध पाजण्याचे श्रेयांक देऊ नका

प्रति,
पुणे शहरातील महाविद्यालयांचे प्राचार्य आणि नियामक मंडळांचे सदस्य,
तसेच परदेशातील 'वाइल्डलाइफ व्हॉलंटिअरिंग'ची पॅकेजं विकणाऱ्या सर्व संस्था यांस

महोदय, महोदया,

शहरातल्या एका महाविद्यालयाने नुकताच निर्णय घेतला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका 'सिंह संवर्धन प्रकल्पा'वर जाऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक (क्रेडिट्स) मिळणार आहेत. सहल खासगी संस्थेची, खर्च विद्यार्थ्याचा आणि प्रमाणपत्र तिथल्या मालकाच्या सहीचं. सूचनेसोबत फोटो आहे. एक मुलगी मांडी घालून बसली आहे, मांडीवर सिंहाचा छावा आहे आणि ती त्याला बाटलीने दूध पाजते आहे.

मला हा निर्णय मान्य नाही. त्या महाविद्यालयाला मी आधी खासगीत पत्र लिहिलं. 'संस्था नामांकित आहे, पालकांची तक्रार नाही, मुलं खूश होऊन परत येतात,' एवढंच उत्तर आलं. पालकांची तक्रार नाही हे बरोबर नाही, माझ्या बहिणीचीच आहे. पण तीच माहितीपत्रकं आता शहरातल्या इतर महाविद्यालयांतही फिरताहेत असं कळलं, तेव्हा हे पत्र सगळ्यांना उद्देशून आणि उघडपणे लिहायचं ठरवलं.

माझी भाची त्याच महाविद्यालयात जीवशास्त्र शिकते. श्रेयांकांचा हा निर्णय होण्याआधीच, गेल्या उन्हाळ्यात, ती अशा एका ठिकाणी जाऊन आली. बहिणीने त्यासाठी ठेव मोडली, खर्च अडीच लाखांच्या घरात गेला. मी स्वतः काही वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या एका अभयारण्यात आफ्रिकन रानकुत्र्यांच्या नोंदी घेण्याच्या कामावर स्वयंसेवक म्हणून होते, आणि आता जुन्नर पट्ट्यात बिबट्यांच्या कामात वनखात्याला जमेल तशी मदत करते. त्यामुळे परदेशी जंगलात जाण्याला माझा विरोध असायचं कारणच नाही. मुलांनी जावं, जरूर जावं. पण ती कुठल्या दारातून आत जातात हे त्यांना पाठवणाऱ्यांनी बघायला हवं.

भाचीचं तिथलं काम असं होतं. सकाळी छाव्यांच्या खोलीतली घाण काढायची, दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवून बाटल्या भरायच्या, दर काही तासांनी पाजायचं, पाजून झालं की ओल्या कोमट कापडाने पोटाखाली हळूहळू पुसायचं म्हणजे ते लघवी करतात. एरवी हे काम आई जिभेने करते. दुपारी पर्यटकांच्या गाड्या यायच्या. मग झोपलेले छावे उठवून बाहेर आणायचे आणि तिकीट काढून आलेल्यांच्या मांडीवर ठेवायचे. पुन्हा झोपले तर पुन्हा उठवायचे.

तिने पहिल्याच दिवशी विचारलं, यांची आई कुठे आहे? 'आईने टाकून दिलं,' असं उत्तर मिळालं. दुसऱ्या खोलीतल्या छाव्यांनाही त्यांच्या आईने टाकून दिलं होतं. शेजारच्या खोलीतल्यांनाही. रात्री पलीकडच्या कुंपणातून सिंहिणीची हाक यायची, ती ऐकून मुली जाग्या व्हायच्या. भाची परत आल्यावर पुढच्या तुकडीतल्या मुलांचे फोटो आले. त्यांत पुन्हा तितकेच छावे, डोळे नुकते उघडलेले. तिने संस्थेला संदेश पाठवून विचारलं की आमच्या वेळचे छावे आता कुठे आहेत. त्याला आजपर्यंत उत्तर आलेलं नाही.

ते उत्तर मी देते, कारण यातलं काहीही गुपित नाही.

रानात सिंहीण विण्यासाठी कळपापासून बाजूला जाते आणि पहिले सहा ते आठ आठवडे पिल्लांना झाडोऱ्यात दडवून ठेवते. ती साधारण दोन वर्षांतून एकदा विते, कारण पिल्लं तिच्यावर अवलंबून असेपर्यंत ती पुन्हा माजावर येत नाही. पिल्लं काढून घेतली तर मात्र लवकर येते. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. छावे जन्मल्यावर काही दिवसांत उचलायचे, म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा गाभण राहते आणि हाताळायला कोवळे छावे वर्षभर मिळत राहतात. त्यांना वाढवायला माणसं लागतात. ती माणसं पगारी ठेवण्याऐवजी पैसे भरून येणारी तरुण मुलं मिळाली तर मालकाला दोन्हीकडून फायदा.

छावा सहा महिन्यांचा झाला की मांडीवर ठेवण्याजोगा राहत नाही. मग काही ठिकाणी 'सिंहासोबत चाला'चं तिकीट असतं. तेही संपलं की तीन वाटा उरतात. पुन्हा पैदास, कुंपणाच्या आत पैसे घेऊन करू दिलेली शिकार, किंवा हाडांचा व्यापार. आशियात वाघाच्या हाडांना मागणी आहे आणि त्याजागी सिंहाची हाडं खपतात. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेने वर्षाला ८०० सांगाड्यांच्या निर्यातीचा कोटा ठरवला होता. पुढे २०१९ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने २०१७ आणि २०१८ चे कोटे बेकायदा ठरवले. ज्या छाव्याला आपली मुलं टोपणनाव देऊन येतात, त्याचा शेवट यांपैकी एका वाटेवर होतो. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह रानात सोडता येत नाही. त्याला कळपात राहायला आणि शिकार करायला शिकवणारं कोणी नसतं, आणि माणसाची भीती तर त्याला मुळीच नसते. 'मोठे झाल्यावर यांना जंगलात सोडणार' हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या माहितीपत्रकांत वाचलं. ते खोटं आहे.

आणि हे मी एकटी म्हणत नाही. त्या देशाच्या सरकारने नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने तेच म्हटलं. तत्कालीन पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी मे २०२१ मध्ये समितीचा अहवाल जाहीर केला आणि सिंहांची बंदिस्त पैदास व त्यांचा व्यापारी वापर बंद करण्याची शिफारस स्वीकारली. अशा बंदिस्त सिंहांचा सरकारी आकडा तेव्हा ८ हजारांच्या आसपास होता, आणि रानातले सिंह त्याच्या निम्म्याहून कमी. २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने हा उद्योग टप्प्याटप्प्याने गुंडाळण्याचं धोरण मंजूर केलं. तिथल्या पर्यटन व्यावसायिकांच्या 'साट्सा' या संघटनेनेही २०१९ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढून हिंस्र प्राण्यांची पिल्लं हाताळण्याचे आणि त्यांच्यासोबत चालण्याचे कार्यक्रम टाळायला सांगितलं. ज्या देशात हे चालतं तो देश ते बंद करायला निघाला आहे, आणि पुण्यातलं महाविद्यालय त्याला श्रेयांक द्यायला निघालं आहे.

आता सहली विकणाऱ्या संस्थांशी थोडं बोलते.

तुम्ही जे पैसे घेता त्याचा हिशेब देत नाही. तिकडे किती पोचतात, तुमच्याकडे किती राहतात आणि प्राण्यांवर त्यातले किती खर्च होतात, यातलं काहीच पालकांना कळत नाही. मी ज्या प्रकल्पावर होते तिथे माझ्या पैशांतून जीपचं डिझेल किती, राहणं-जेवण किती आणि रानकुत्र्यांच्या गळ्यातल्या रेडिओ-कॉलरच्या बॅटऱ्यांसाठी किती हे सुरुवातीलाच कागदावर मिळालं होतं. कोणी मागितलंही नव्हतं.

सुरक्षिततेबाबत तुम्ही मुलांकडून सही घेता ती जबाबदारी झटकणाऱ्या कागदावर. भाचीने तो कागद घरी दाखवला तेव्हा त्यावर तिची सही आधीच झालेली होती, विमानतळावर रांगेत उभं असताना घेतलेली. प्राण्याने चावा घेतला, ओरबाडलं किंवा मृत्यू झाला तर संस्था जबाबदार नाही, असं त्यात लिहिलं होतं. छाव्यांच्या अंगावरून मुलींना गजकर्ण झालं आणि औषध त्यांनी स्वतःच्या पैशाने आणलं. ज्या प्राण्यांना हात लावण्याआधी अशा कागदावर सही करावी लागते, त्यांना हात लावणं हाच तुमच्या जाहिरातीतला मुख्य मुद्दा का असतो?

आणि 'संवर्धन' म्हणजे काय झालं हे तुम्ही कधीच सांगत नाही. किती सिंह रानात गेले? कुठल्या अभयारण्यात? कुठल्या वर्षी? कुणी नोंद ठेवली? खऱ्या प्रकल्पाला ही उत्तरं तोंडपाठ असतात.

खरं काम कसं असतं ते थोडं सांगायला हवं, कारण ते फोटोत दिसत नाही आणि म्हणून विकलं जात नाही. रानकुत्रे पहाटे आणि संध्याकाळी हालचाल करतात, म्हणून आम्ही अंधारातच निघायचो. जीप टेकाडावर थांबवायची, मी मागे उभी राहून अँटेना हळूहळू फिरवायची. कानात रिसीव्हरची खरखर आणि त्यात अधूनमधून एक 'टिक'. टिक ज्या दिशेला ठळक येईल ती दिशा नकाशावर आखायची, मग दुसऱ्या टेकाडावर जाऊन पुन्हा तेच. दोन रेषा छेदतील तिथे कळप. तिथे पोचूनही पुष्कळदा दिसायचं फक्त गवत. दिसले तर मोजायचे. पोटं भरलेली की रिकामी, कोणी लंगडतंय का, कोणाच्या मानेत तारेचा फास अडकलाय का. प्रत्येक रानकुत्र्याच्या अंगावरचे काळे-पिवळे-पांढरे डाग वेगळे असतात, आणि डाव्या-उजव्या बाजूचेही एकसारखे नसतात, म्हणून दोन्ही बाजूंचा फोटो लागतो. उरलेला दिवस त्या नोंदी संगणकात भरण्यात जायचा. नाहीतर तारेचे फासे शोधत कुंपणाकडेने चालायचं, किंवा घाणेरी उपटायची. हो, आपल्या टेकड्यांवर माजलेली तीच घाणेरी तिथेही माजली आहे.

एकाही प्राण्याला मी हात लावला नाही. लावायची परवानगीच नव्हती आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आफ्रिकेत आता रानकुत्रे साडेसहा हजारांच्या आसपास उरलेत. दक्षिण आफ्रिकेतली अभयारण्यं कुंपणांनी तुटलेली, म्हणून कळपात जवळच्या नात्यातच वीण होऊ नये यासाठी एका अभयारण्यातले कुत्रे दुसरीकडे नेऊन सोडावे लागतात. कुणाला कुठे न्यायचं हे ठरतं त्या रोजच्या कंटाळवाण्या नोंदींवरून. त्या वहीत माझ्या हस्ताक्षरातली पानं आहेत. विद्यार्थ्याला श्रेयांक द्यायचेच असतील तर ते अशा पानांचे द्या.

प्राचार्य महोदय, आता जुन्नरचं सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिथे येऊन थांबतं.

तोडणी सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसाच्या फडांत बिबट्याची पिल्लं सापडतात. बिबट्याच्या मादीने उसालाच जंगल मानलंय. या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. तिथल्या लोकांच्या रागाला पूर्ण कारण आहे. आणि तरीही पिल्लं सापडली की काय होतं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

एका फडात पाचटाखाली दोन पिल्लं निघाली. कोयता बाजूला ठेवून तोडणीवाल्या बाईने आधी स्वतःच्या पोराला कडेवर घेतलं, मग मुकादमाला हाक मारली. तोडणी थांबली. म्हणजे त्या दिवसाची मजुरी थांबली. वनरक्षक आले, डॉक्टरांनी हातमोजे घालून पिल्लं तपासली आणि प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली. मोबाइल काढून पुढे सरकलेल्या पोरांना वनरक्षकाने चांगलंच दटावलं. दिवस मावळताना तो क्रेट पिल्लं सापडली त्याच जागी ठेवला, शेजारी कॅमेरा लावला आणि सगळे लांब गेले. रात्री मादी आली. कॅमेऱ्यात दिसतं ते असं: ती आधी क्रेटभोवती फिरते, पंजाने तो कलता करते, एका पिल्लाची मान तोंडात धरते आणि चित्राबाहेर जाते. बऱ्याच वेळाने परत येते आणि दुसरं नेते.

पिल्लाची जागा आईजवळ आहे, हे त्या फडातल्या प्रत्येकाला मान्य होतं. जिला बिबट्याची खरी भीती आहे, जिचं पोर त्याच शेतात झोळीत झोपतं, त्या बाईलाही. आपण आपल्या जिल्ह्यात पिल्लू आईकडे परत जावं म्हणून रात्ररात्र जागतो आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांना अडीच लाख घेऊन अशा ठिकाणी पाठवतो जिथे पिल्लू आईपासून तोडणं हाच व्यवसाय आहे. वर त्याला शिक्षण म्हणून गुण देतो. एवढ्यासाठी मला हे पत्र लिहावं लागलं.

श्रेयांकांबद्दल आणखी एक तक्रार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार फील्ड प्रोजेक्ट हा आता पदवीचा भाग झाला आहे, आणि तो सगळ्यांना सारखाच करावा लागतो. ज्याच्या घरी अडीच लाख आहेत त्याला दोन आठवड्यांत फोटोंसकट श्रेयांक, आणि मंचर किंवा इंदापूरहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलीने मात्र प्रकल्प शोधत दारोदार फिरायचं, हा न्याय नाही. त्या मुलीच्या गावाजवळच काम पडलंय. सासवड, बारामती, इंदापूरच्या माळरानांवर लांडगा आहे आणि त्याचा माळ दरवर्षी आकसतो आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत. उजनी धरणाच्या जलाशयाकाठी भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, भीमाशंकरला शेकरू आहे, बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र जागून होणारी प्राण्यांची नोंद आहे. यासाठी ना पासपोर्ट लागतो ना ठेव मोडावी लागते. लागतो तो एक प्राध्यापक, जो मुलांबरोबर उन्हात यायला तयार आहे. असे प्राध्यापक या शहरात आहेत, मी त्यांना ओळखते. त्यांना प्रवासभत्तासुद्धा मिळत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

ज्या महाविद्यालयाने हा निर्णय घेतला आहे त्याने तो मागे घ्यावा. हिंस्र प्राण्यांची पिल्लं हाताळणं, त्यांना बाटलीने पाजणं, त्यांच्यासोबत चालणं किंवा फोटो काढणं हे ज्या कार्यक्रमात आहे, त्याला कुठल्याही महाविद्यालयाने श्रेयांक देऊ नयेत, त्याची जाहिरात आवारात लावू देऊ नये आणि त्यासाठी आपलं नाव किंवा बोधचिन्ह वापरू देऊ नये.

परदेशातल्या कोणत्याही वन्यजीव प्रकल्पाला मान्यता देण्याआधी महाविद्यालयाने लेखी उत्तरं मागवावीत. इथले प्राणी कुठून आले, त्यांची पैदास इथे होते का, विक्री होते का, मोठे झाल्यावर ते कुठे जातात, आजवर किती आणि कुठे रानात सोडले गेले, विद्यार्थ्याच्या पैशांतला किती भाग कशावर खर्च होतो, आणि इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार. उत्तरं पालकांना दाखवावीत. पैसे भरण्याआधी, विमानतळावर नव्हे.

सहली विकणाऱ्या संस्थांनी 'जंगलात सोडणार' आणि 'अनाथ छावे' हे दावे पुराव्यानिशी सिद्ध करावेत, नाहीतर माहितीपत्रकातून काढावेत. ज्यांनी या दाव्यांवर विसंबून डिसेंबरच्या तुकडीसाठी आगाऊ रक्कम भरली आहे आणि आता जायचं नाही, त्यांची रक्कम कापून न घेता परत करावी.

आणि जिल्ह्यातल्या वन्यजीवांच्या कामाला, वनखात्याच्या परवानगीने आणि प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केलेल्या नोंदींना, तितकेच श्रेयांक मिळावेत. सोबत जाणाऱ्या प्राध्यापकाचा प्रवासखर्च महाविद्यालयाने द्यावा. ही रक्कम एका विद्यार्थ्याच्या आफ्रिकेच्या पॅकेजपेक्षा कितीतरी कमी असेल.

ज्यांना खरोखर परदेशात जाऊन काम करायचं आहे त्या मुलांची मी अडवणूक करत नाही. प्रकल्प कसा पारखायचा, अर्ज कसा करायचा, मलेरियाच्या गोळ्या कुठल्या भागात लागतात, नैरोबीमार्गे जायचं तर पिवळ्या तापाची लस आधीच का घ्यावी, हे सगळं सांगायला मी कुठल्याही महाविद्यालयात स्वखर्चाने यायला तयार आहे. भाचीही येईल. बोलायची तिचीच इच्छा आहे, आणि तिच्यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

डिसेंबरच्या तुकडीची नावनोंदणी सध्या सुरू आहे. ती बंद होण्याआधी नियामक मंडळाच्या बैठकीत हे पत्र ठेवावं आणि झालेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपली,
एका विद्यार्थिनीची मावशी
कोथरूड, पुणे